वाहत्या पाण्याचा हिशेब

सरकारी कागदावर एखादा आकडा एकदा उमटला की तो कोठून आला हे विचारण्याची रीत नाही. बेरीज जमते की नाही एवढे पाहावे, टिपण लिहावे आणि फाईल वर पाठवावी, हा आमच्यासारख्या कारकुनाचा धर्म. तो आम्ही बारा वर्षे निमूटपणे पाळीत आलो. परंतु तीन पावसाळ्यांपूर्वी बेंगळूर येथील आमच्या कचेरीत एका सरकारी वसाहतीच्या कुंपणालगत बांधावयाच्या गटाराचे अंदाजपत्रक आले, आणि त्यातील एका आकड्याने आम्हांस जो चाळा लावला तो अद्याप सुटलेला नाही. लांबी, रुंदी, खोली, उतार, सिमेंटचा दर, मजुरी हे सारे आकडे ओळखीचे होते. मध्येच एका ओळीत ‘एन बरोबर ०.०१३’ असे लिहिलेले होते. त्याला ना परिमाण, ना दर, ना खुलासा. ज्या कनिष्ठ अभियंत्यांनी ते लिहिले त्यांना आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, पुस्तकात असतो तो.” पुस्तकात तो कोणी घातला, असे विचारताच ते हसले आणि त्यांनी चहा मागविला.

गटार बांधून झाले. पहिला पावसाळा सुरळीत गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री त्याच गटाराचे पाणी वसाहतीच्या तळमजल्यात शिरले. आमचे बिऱ्हाड तळमजल्यावरच असल्याने आम्ही ती रात्र पुस्तकांची पेटी पलंगावर आणि मुलीची दप्तरे कपाटावर चढविण्यात घालविली. पुढे चौकशी झाली. आकडेमोडीत चूक सापडली नाही. ती सापडणारच नव्हती, कारण ती आम्ही स्वतः तपासली होती. गटारात मात्र हातभर गाळ, त्यावर उगवलेले गवत आणि गवतात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. ०.०१३ हा आकडा कागदावर होता तसाच होता. ज्याचा तो आकडा होता ते गटार मात्र उरले नव्हते.

आम्ही पदवीधर आहोत ते इतिहास विषय घेऊन. अभियांत्रिकीचा आमचा अधिकार नाही, आणि वाचकांत जे अभियंते असतील त्यांनी आमचे धारिष्ट्य क्षम्य मानावे. ॲव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानात आम्हांस व्हेन ते चाउ यांचा उघड्या पाटांच्या जलशास्त्रावरील १९५९ सालचा प्रसिद्ध ग्रंथ मिळाला. तो सारा आम्हांस समजला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु सूत्रे ओलांडून त्यामागील माणसांकडे आम्ही वळलो, आणि त्या एका आकड्यामागे जवळजवळ चारशे वर्षांची हकीकत उभी असलेली आम्हांस दिसली.

नळातील पाणी आणि पाटातील पाणी यांत मोठे अंतर आहे. नळातील पाण्याला चारी बाजूंनी भिंत असते. त्याला जागा किती घ्यावयाची हे आधीच ठरलेले असते. पाटातील पाण्याचा माथा मोकळा असतो. ते आपली उंची आपण ठरविते. अडले तर चढते, सुटले तर उतरते. म्हणून पाटाचा हिशेब नळाच्या हिशेबाहून अवघड. रोमन लोकांनी शेकडो मैलांचे जलमार्ग बांधले, तरी पाणी मोजताना ते केवळ प्रवाहाच्या तोंडाचे क्षेत्रफळ मोजीत. वेगाची बाब त्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हतीच. ती निश्चितपणे मांडली गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली या धर्मोपदेशकाने, १६२८ साली. प्रवाहाचे क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार प्रत्येक ठिकाणी सारखाच राहतो, पाट रुंदावला की पाणी मंदावते, हे त्याचे म्हणणे आज शाळकरी मुलालाही पटेल. पण त्याच मंडळींचा दुसरा समज असा होता की पाणी जितके खोल तितके ते वेगाने वाहते. पिंपाच्या तळाशी भोक पाडले असता पाणी जोराने उडते, यावरून त्यांनी ते ताडले होते. तर्क चांगला होता, फक्त नदीला कोणी विचारले नव्हते. १७३२ साली आंरी पितो याने काटकोनात वाकविलेली काचेची नळी पॅरिस येथे सीन नदीत बुडवून पाहिली आणि दाखवून दिले की खाली जावे तसा वेग वाढत नाही, कमी होतो. तळ पाण्याला धरून ठेवतो. तळाचा हा जो हात आहे, त्याचीच पुढील सारी कथा.

उतारावरून सोडलेला धोंडा क्षणोक्षणी अधिक वेगाने घरंगळतो. पाटाचे पाणीही उतारावरूनच जाते, मग ते कोसभर गेल्यावर तोफेच्या गोळ्यासारखे का धावत नाही? या प्रश्नाचे सरळ उत्तर आंत्वान शेझी या फ्रेंच अभियंत्याने दिले. पॅरिसला पिण्याचे पाणी हवे होते आणि ईवेत नावाच्या लहान नदीचे पाणी कालव्याने शहरात आणावे अशी योजना होती. कालवा किती रुंद खणावा, हे शेझीला सांगावयाचे होते. त्याने विचार केला तो असा: पाण्याचे वजन त्याला उतारावरून खाली ओढते, पाटाचा तळ आणि दोन्ही काठ, म्हणजे पाण्याने भिजलेली सारी कड, त्याला मागे ओढते, आणि हे मागे ओढणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जेथे दोन्ही ओढी समान होतात तेथे वेग स्थिर होतो. म्हणून वेग हा उतार आणि ‘क्षेत्रफळ भागिले ओली कड’ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. हे १७७५ सालच्या सुमाराचे.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेझीने जगातील सर्व पाण्याला लागू पडेल असा एकच अंक सांगितला नाही. त्याने तुलना सांगितली. एका प्रवाहाचा वेग मोजलेला असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या प्रवाहाचा वेग कसा काढावा, एवढेच त्याचे म्हणणे. मातीच्या एका लहानशा कालव्यावर आणि सीन नदीवर त्याने मोजमापे केली, आणि दोहोंचा गुणक एक येत नाही हे त्याला दिसलेही होते. पुढे ईवेतचा कालवा त्या योजनेप्रमाणे झालाच नाही आणि शेझीचा अहवाल दप्तरात पडून राहिला. क्लेमेन्स हर्शल या अमेरिकन अभियंत्याने तो १८९७ साली प्रसिद्ध केला. एकशे बावीस वर्षे! फाईल दडपली गेल्याची तक्रार करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हा दाखला देत असतो.

शेझीला जे दिसले होते ते पुढील पिढीने घालविले, ही या इतिहासातील चमत्कारिक गोष्ट होय. द्यु ब्युआ आणि त्यानंतर प्रोनी यांसारख्या थोर गणितज्ञांनी असे धरले की पाटाचा तळ विटांचा असो की मातीचा, त्याने फरक पडत नाही. कारण भिंतीला पाण्याचाच एक पातळ थर चिकटून बसतो आणि उरलेले पाणी त्या थरावरून, म्हणजे पाण्यावरूनच, घसरते. कल्पना इतकी सुबक की ती खरी असावी असे कोणासही वाटावे. अर्धशतकाहून अधिक काळ युरोपातील कालवे या समजावर आखले गेले. तिचा शेवट गणिताने झाला नाही. सुतार आणि गवंड्यांनी केला. आंरी दार्सी याने दीझों शहराजवळ बूर्गोन्यच्या कालव्यालगत सुमारे ६०० मीटर लांबीचा प्रयोगाचा पाट बांधविला आणि त्याचे अस्तर पुनःपुन्हा बदलण्याची योजना केली. कधी सिमेंट, कधी विटा, कधी फळ्या, कधी फळ्यांवर आडव्या पट्ट्या, कधी खडी. १८५८ च्या आरंभी दार्सी वारला. त्याचा साहाय्यक आंरी बाझें याने काम नेटाने पुरे केले आणि १८६५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोच उतार, तेच पाणी. अस्तर बदलताच वेग बदलतो. पाण्याच्या वागणुकीत जमिनीचा स्वभाव मिसळलेला असतो, हे तेव्हापासून नाकारता येईना.

मग त्या स्वभावाला अंक देण्याची धडपड सुरू झाली. बर्न येथील गांगिये आणि कुटर या दोन स्विस अभियंत्यांनी १८६९ साली आल्प्सच्या ओढ्यांपासून मिसिसिपीपर्यंत मिळतील ती मोजमापे गोळा करून एक लांबलचक सूत्र रचले आणि खडबडीतपणाला ‘एन’ हे अक्षर दिले. आमच्या अंदाजपत्रकातील एनचा जन्म हा असा. सूत्र इतके बोजड होते की अभियंत्यांना त्याचे तक्ते बाळगावे लागत. मिसिसिपीच्या मोजमापांवर त्यांनी फार भिस्त ठेवली होती आणि तीच मोजमापे उताराच्या बाबतीत विश्वसनीय नव्हती, हे पुढे उघड झाले. परंतु अक्षर टिकले.

येथे जो माणूस येतो त्याच्याविषयी आम्हांस विशेष आपुलकी आहे, आणि तिचे कारण वाचकांच्या ध्यानी येईलच. रॉबर्ट मॅनिंग हा आयरिश गृहस्थ १८१६ साली नॉर्मंडीत जन्मला. वडील वारल्यावर तो आयर्लंडात आला आणि मामाच्या पदरी हिशेबनीस म्हणून राहिला. अभियांत्रिकीचे शिक्षण त्याने कोठेही घेतले नव्हते. १८४६ साली, आयर्लंडातील भीषण दुष्काळात, सरकारी बांधकाम खात्याने पाण्याचा निचरा करणारे चर खणण्याची कामे मोठ्या प्रमाणात काढली तेव्हा तो त्या खात्यात नकाशे काढणारा म्हणून लागला. फ्रेंच भाषेतील जलशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक मिळवून तो आपले आपण शिकला आणि १८७४ साली त्याच खात्याचा मुख्य अभियंता झाला. ४ डिसेंबर १८८९ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने डब्लिन येथील अभियंत्यांच्या सभेपुढे आपला निबंध वाचला. त्याची रीत हिशेबनिसाची होती. प्रचलित सात नामांकित सूत्रे त्याने घेतली, ठरावीक उतारांना आणि आकारमानांना प्रत्येक सूत्र किती वेग देते ते काढले, सातांची सरासरी केली आणि त्या सरासरीला बसेल असे एक सोपे सूत्र शोधले. ज्याला कोणत्याही एका पक्षकाराचे म्हणणे पूर्ण खरे वाटत नाही तो कारकून याहून वेगळे काय करणार?

पुढचा भाग अधिक मौजेचा आहे. मॅनिंगला आपले सूत्र आवडले नाही. त्यात घनमूळ काढावे लागे, आणि दोन्ही बाजूंची परिमाणे जमत नसत. लांबी-काळाच्या हिशेबाने पाहता ते शुद्ध नव्हते. म्हणून त्याने ते बाजूस ठेवून दुसरे, अधिक अवघड सूत्र सुचविले. जगाने त्याचे दुसरे सूत्र विसरून पहिलेच उचलले. तेच सूत्र गोक्लेर या फ्रेंच अभियंत्याने १८६७ साली सुचविले होते, आणि युरोपच्या काही भागांत ते १९२३ साली लिहिणाऱ्या श्ट्रिक्लर या स्विस अभियंत्याच्या नावाने चालते. मॅनिंगच्या गुणकाच्या जागी कुटरचा एन उलटा करून घातला तर उत्तर जवळजवळ तेच येते, हेही इतरांनीच ताडले. अशा रीतीने ज्याने एन लिहिला नाही त्याच्या नावाने एन प्रसिद्ध झाला. २००२ साली गियोया आणि बोम्बार्देल्ली या संशोधकांनी खळाळत्या प्रवाहातील भोवऱ्यांच्या आधुनिक सिद्धांतावरून हेच सूत्र काढून दाखविले. म्हणजे सात सूत्रांच्या सरासरीत निसर्गाचे काही सत्य सापडलेले होते. पण त्या सिद्धांतालाही तळाच्या खडबडीतपणाचे माप बाहेरूनच पुरवावे लागते.

आमच्या गटाराचेच उदाहरण घेऊ. एक मीटर रुंद, त्यात एक मीटर पाणी, उतार हजारात एक. क्षेत्रफळ एक चौरस मीटर, ओली कड तीन मीटर. एन ०.०१३ धरला तर सेकंदाला सुमारे १,१७० लिटर पाणी जाते. तेच गटार गाळ-गवताने भरून एन ०.०३५ झाला तर सुमारे ४३० लिटर. रुंदी तीच, उतार तोच, खर्च तोच. गाळाने अडविलेली जागा तर यात धरलेलीच नाही. उरलेले पाणी आमच्या पेटीकडे येते.

हा सारा विचार युरोपातल्या अशा पाटांचा झाला जेथे तळ जागच्या जागी राहतो. हिंदुस्थानात इंग्रज अभियंते आले तेव्हा त्यांच्यापुढे निराळेच पाणी आले. १८५४ साली सुरू झालेल्या गंगेच्या कालव्याला कॉटलीने दिलेला उतार जास्त ठरला आणि पाणी तळ खरवडू लागले. पंजाबात उलट अनुभव येई. कालवे गाळाने भरत. येथे पाट पाण्याला घडवीत नव्हता, पाणीच पाटाला घडवीत होते. आर. जी. केनेडी हा पंजाबातील अभियंता अप्पर बारी दोआब कालव्याच्या अशा शाखा पाहत हिंडला की ज्या वर्षानुवर्षे न खरवडता, न भरता तशाच राहिल्या होत्या. १८९५ साली त्याने नियम मांडला: प्रत्येक खोलीला एक विशिष्ट वेग आहे; त्याहून कमी वेग असेल तर गाळ बसेल, जास्त असेल तर तळ जाईल. फूटभर खोलीला तो वेग सेकंदाला ०.८४ फूट. नियम उत्तम, पण तो त्या कालव्याच्या रेतीचा होता. सिंधची माती अधिक बारीक. तेथे तो लागू करावयाचा तर कमी-अधिक करणारा एक गुणक लावावा लागे. पुन्हा गावोगावचा अंक!

१९१९ साली लिंडली याने म्हटले की नुसता वेग नव्हे, पाटाची रुंदी, खोली आणि उतार ही तिन्ही पाणी स्वतःच ठरविते. १९३० च्या सुमारास जेरल्ड लेसी याने त्याला सूत्रांचे रूप दिले. त्यातील एक सूत्र पाहून आम्ही थक्क झालो: गाळाच्या जमिनीतील स्थिरावलेल्या कालव्याची ओली कड, फुटांत मोजली असता, विसर्गाच्या वर्गमुळाच्या २.६७ पट असते. शंभर क्युसेक पाण्याला सुमारे २७ फूट, चारशेला ५३. त्यात मातीचा उल्लेखही नाही. जणू पाणी अंगाच्या मापाचा अंगरखा स्वतःच शिवून घेते. मातीचा हिशेब लेसीने दुसऱ्या सूत्रांत, ‘गाळाचा गुणक’ म्हणून ठेवला.

यापुढील प्रकरण पुण्याचे आहे, आणि मराठी वाचकांस ते ठाऊक असावे तितके नाही असे आम्हांस वाटते. दख्खनच्या कालव्यांखालच्या काळ्या जमिनी पाणथळ आणि खारट होऊ लागल्या, म्हणून मुंबई सरकारने १९१६ साली एक खास पाटबंधारे विभाग काढला. क्लॉड इंग्लिस या आयरिश अभियंत्याच्या हाती तो आला. त्याच रोपाचा वृक्ष म्हणजे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था. लेसीच्या सूत्रांवर देशभर कालवे आखले जात असता इंग्लिस यांनी एक अडचण दाखवून दिली. लेसीचा गाळाचा गुणक दोन वाटांनी काढता येतो: एक वेग आणि खोलीवरून, दुसरी खोली आणि उतारावरून. माती एकच, कालवा एकच. तर दोन्ही उत्तरे एकच यावयास हवीत. ती येत नसत. याचा अर्थ त्या एका अंकात दोन गोष्टी कोंबलेल्या होत्या. गाळाचा कण केवढा, हा एक प्रश्न. आणि पाणी असा गाळ किती वाहून आणते, हा दुसरा. बारीक रेतीचा पण गच्च भरलेला प्रवाह आणि जाड्या रेतीचा पण विरळ प्रवाह यांना एकाच अंकाने ओळखणे म्हणजे दोन भिन्न माणसांचे एकच सेवापुस्तक ठेवण्यासारखे. इंग्लिस यांनी वाहत्या गाळाचे प्रमाण सूत्रांत स्वतंत्रपणे आणले आणि हे सारे काम १९४९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्या दख्खनमध्ये कालवे मुरूम आणि कातळातून जातात तेथे बसून सिंध-पंजाबच्या रेतीचा गुंता सुटावा, हा योगायोग लहान नव्हे.

त्याच खडकवासल्याशी बेंगळूरचे आणखी एक नाते आहे. येथील सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकावयास पुण्यास गेले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशकास रुजू झाले. आम्ही महाराष्ट्रातून इकडे बदलून आलो. ते इकडून तिकडे गेले होते. खानदेशात नदीच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी आरंभीच केले. त्याच खानदेशात पांझरेच्या काठी शेतकऱ्यांचे फड कित्येक पिढ्या चालत आले होते. बंधारा, कालवा, चारी, सारंग अशी सारी उतरंड एकाही सूत्रावाचून आखलेली. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसविले. पूर चढला की पाण्याच्याच भाराने ते उघडत, पूर ओसरला की मिटत. मोकळ्या माथ्याचे पाणी आपली उंची आपण ठरविते, या त्याच्या स्वभावाचाच तो उपयोग होता.

बेंगळूर हे गाव मोठ्या नदीवाचून वाढलेले. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरच्या कण्यावर ते वसले आहे आणि पाऊस पडला की पाणी हेब्बाळ, कोरमंगला-चल्लघट्टा आणि वृषभावती या खोऱ्यांत उतरते. शहाजीराजांच्या जहागिरीत हे गाव आले त्याच्याही पूर्वीपासून येथील लोकांनी या उतारांवर तळी बांधली, एकाखाली एक. वरचे तळे भरले की पाणी ‘कोडी’वरून, म्हणजे दगडी सांडव्यावरून, ओसंडून ‘राजकालुवे’तून खालच्या तळ्यात जाते. आपला कालवा आणि येथील कालुवे हे एकाच घरचे शब्द दिसतात. तळ्याची मोरी उघडणारा आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा ‘नीरुगंटी’ गावोगाव असे. आपल्याकडचा पाटकरी तोच. कालुवेतील गवत केव्हा कापावे, गाळ केव्हा उपसावा, हे त्याला ठाऊक होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर एन आटोक्यात ठेवणे हे त्याचे काम होते, आणि त्यासाठी गावाने त्याला पगार नव्हे, धान्यात वाटा ठेवलेला होता.

कोडीवरून पाणी कसे जाते, या प्रश्नाला येथील भारतीय विज्ञान संस्थेने आधुनिक उत्तर दिले आहे. एन. एस. गोविंद राव आणि मुरळीधर यांनी १९६३ साली एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांडव्यांची वर्गवारी केली. सांडव्याच्या माथ्यावरील पाण्याची उंची आणि माथ्याची जाडी यांचे प्रमाण दशांशापेक्षा कमी असेल तर तो माथा म्हणजे एक लहानसा पाटच. दीडपटीहून अधिक असेल तर तो सुरीच्या धारेसारखा. मध्ये आणखी दोन जाती. एकच दगडी कोडी रिमझिम पावसात एका जातीची आणि पुरात दुसऱ्या जातीची होते. पाठ्यपुस्तकांतून ही वर्गवारी आजही शिकवितात.

आणखी एक विचार सांगितल्यावाचून बेंगळूरचे पूर समजणार नाहीत. संथ पाण्यात खडा टाकला तर तरंग चारी दिशांना जातात. वाहत्या पाण्याचा वेग तरंगाच्या वेगाहून कमी असेल तर काही तरंग प्रवाहाविरुद्ध वरही चढतात. अधिक असेल तर सारे खाली वाहून जातात. पहिल्या प्रकारच्या पाण्यात खालच्या अंगाची बातमी वर पोहोचते, दुसऱ्यात पोहोचत नाही. (आमच्या मुख्यालयाची व्यवस्था दुसऱ्या प्रकारची आहे असे आमचे एक सहकारी म्हणतात.) सपाट उताराच्या पाटात पाणी बहुधा पहिल्या जातीचे. म्हणून खाली एखादी मोरी अरुंद केली, तळ्याच्या तोंडाशी भराव घातला, तर त्याचा फुगवटा मागे दूरवर चढतो. हा फुगवटा पावलापावलाने कसा मोजावा हे बेलांझे याने १८२८ सालीच सांगून ठेवले आहे.

धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तळ्यात कंठीरव क्रीडांगण उभे आहे. बऱ्याच राजकालुवे अरुंद झाल्या, त्यांवर घरे आली. सप्टेंबर २०२२ मध्ये बाह्य वळण रस्त्यावर आणि बेळ्ळंदूरच्या बाजूस बोटी फिरल्या. यलहंका येथील केंद्रीय विहार या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये पाणी भरले. आपल्यापैकी कित्येकांचे स्नेही तेथे राहतात. उपाय म्हणून कालुवेच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या भिंती उभारतात. त्याने एन घटतो आणि पाणी जलद जाते, हे खरे. परंतु जलद गेलेले पाणी खालच्या वस्तीत लवकर पोहोचते, आणि तेथे मोरी पूर्वीचीच असते. गवताने भरलेली कालुवे पाणी रोखून धरी आणि वाटेत जमिनीत मुरवी. ती तिची खोड म्हणावी की गुण, हे तुम्ही वरच्या अंगास राहता की खालच्या, यावर अवलंबून आहे. आम्ही दोन्हीकडे राहून पाहिले आहे. आमचा कल अलीकडे रुंद, मातीच्या आणि दरवर्षी साफ होणाऱ्या कालुवेकडे झुकला आहे. पण दरवर्षीच्या सफाईला मंजुरी मिळणे एकदाच्या सिमेंटपेक्षा कठीण असते, हेही आम्ही फाईलींवरून जाणतो.

चाउ यांच्या ग्रंथात एन किती धरावा याचे मोठे कोष्टक आहे. गुळगुळीत सिमेंटपासून झाडोऱ्याने भरलेल्या ओढ्यापर्यंत. परंतु कोष्टकाच्या पुढे पाटांची छायाचित्रे आहेत, आणि प्रत्येकाखाली त्या पाटाचा एन दिलेला आहे. १९६७ साली अमेरिकेच्या भूगर्भ खात्यासाठी बार्न्स याने पन्नास नैसर्गिक प्रवाहांची रंगीत छायाचित्रे याच हेतूने प्रसिद्ध केली. आपला ओढा त्यांपैकी कोणासारखा दिसतो ते पाहावे आणि त्याचा अंक उचलावा, अशी ही रीत. ती पाहून आम्हांस शेझीची आठवण झाली. त्यानेही हेच म्हटले होते की मोजलेल्या प्रवाहाशी न मोजलेल्याची तुलना करा.

या वर्षी मे महिन्यात आमच्या त्याच गटाराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आले. एन बरोबर ०.०१३. आम्ही कनिष्ठ अभियंत्यांना विनंती केली आणि सुटीनंतर चाउ यांचे पुस्तक काखेत मारून दोघेही गटारावर गेलो. ते बराच वेळ एकेक छायाचित्र गटाराशी ताडून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “०.०३५ तरी म्हणावा लागेल. पण तो लिहिला तर रुंदी दुपटीवर जाईल, आणि तेवढी तरतूद नाही.” आम्ही टिपणात दोन्ही अंकांनी येणारा विसर्ग शेजारी शेजारी लिहिला, वर्षातून दोनदा सफाई केल्यास कोणता अंक धरता येईल हेही त्यांच्याकडून विचारून घेऊन नमूद केले, आणि फाईल वर पाठविली. आठ दिवसांनी ती परत आली. समासात लाल शाईने प्रश्न होता: “०.०३५ यास आधार काय?” आम्ही छायाचित्राची छायाप्रत जोडून ती पुन्हा वर पाठविली आहे.